आजीचं जातं बघायला तिकीट का काढायचं?

  आज बोलायचं आहे संग्रहालयांबद्दल, म्हणजे जुन्या वस्तू जपून ठेवायच्या जागांबद्दल. हा आपला विषय नाही असं वाटून उठू नका. तुमच्या घरातल्या मांडणीवरच येऊन थांबणार आहे मी.

हल्ली सहली वाढल्या आहेत. शाळेची सहल, गटाची सहल, लग्नानंतर देवदर्शनाला निघालेली गाडी. या सहलींत आता संग्रहालयाचा थांबाही असतो. तिथे काय बघितलं म्हणून परत आलेल्या बाईला विचारा. ती सांगते, "जातं होतं, उखळ होतं, तिफण होती, चुलीपुढे बसलेली बाई होती." दुसरी लगेच म्हणते, "अगं, ते तर आपल्या घरी होतं, मग तिकीट कशाला काढलं?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जी वस्तू आपण अंगणाच्या कोपऱ्यात टाकली, तीच बघायला लोक पैसे देऊन रांगेत का उभे राहतात? याचं उत्तर शोधायला थोडं मागे जावं लागेल.

आपल्या भागातल्या लोकांना माहीत असलेलं सगळ्यांत जुनं संग्रहालय म्हणजे नागपूरचं. सरकारी नाव मध्यवर्ती संग्रहालय. पण त्या नावाने कोणी विचारत नाही. सगळे म्हणतात, अजब बंगला. ते स्थापन झालं १८६३ मध्ये. तेव्हा आपला वर्धा जिल्हा नुकताच, म्हणजे १८६२ मध्ये, नागपुरातून वेगळा काढला होता. मध्य प्रांताचा कारभार सर रिचर्ड टेंपल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याकडे होता.

त्याच १८६३ सालची एक गोष्ट आपल्या वाटेवरची आहे. नागपुरात स्टीफन हिस्लॉप नावाचे पाद्री राहत. दगड, जीवाश्म, जुनी शिळावर्तुळं यांचा त्यांना फार नाद. गोंड लोकांच्या कथा आणि गाणीही त्यांनी ऐकून लिहून ठेवली होती. त्या वर्षीच्या सप्टेंबरात ते टाकळघाटची शिळावर्तुळं बघायला गेले आणि परतताना बोरीजवळ पुराच्या पाण्यात बुडून वारले. जाम चौरस्त्यावरून नागपूरला जाताना आपली एसटी ज्या बुटीबोरीवरून जाते, तोच हा भाग. त्यांच्या मागे राहिलेले कागद टेंपल यांनी १८६६ मध्ये छापून घेतले. हिस्लॉप यांनी लिहून ठेवलं म्हणून ती गोंडी कथा कागदावर राहिली. ज्यांनी ती सांगितली त्यांचा आवाज मात्र राहिला नाही. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

अजब बंगल्यात लोक जायचे ते नवल बघायला. पेंढा भरलेले प्राणी, जुनी शस्त्रं, देवांच्या मूर्ती, ताम्रपट. म्हणून तर लोकांनी नाव दिलं अजब. तिथे बघायचं ते आपल्यापेक्षा वेगळं, दूरचं, राजाचं किंवा रानातलं. शेतकऱ्याच्या घरातली बाई तिथे जाऊन डोळे मोठे करून बघायची आणि परत यायची. आपलं काही तिथे असेल, असावं, हे तिच्या मनातही येत नसे.

ही समजूत मोडायचं काम आपल्याच जिल्ह्यात झालं. १९३४ च्या डिसेंबरात वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी आपली बाग त्यासाठी दिली. महात्मा गांधींचे पुतणे मगनलाल गांधी यांनी साबरमती आश्रमात खादीचं काम उभं केलं होतं आणि १९२८ मध्ये ते वारले होते. त्यांच्या नावावरून त्या जागेला मगनवाडी म्हणू लागले. १९३६ मध्ये शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला जाण्याआधी गांधीजी या मगनवाडीतच राहत होते. संघाचं काम बघायचे जे. सी. कुमारप्पा. ते मोठे अर्थशास्त्रज्ञ, परदेशात शिकलेले. पण इथे त्यांनी डोकं चालवलं ते तेलाची घाणी, हातसडीचा तांदूळ, गूळ, हातकागद, मधमाशा, साबण यांवर.

याच मगनवाडीत ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडलं. तिथे राजाचा मुकुट नव्हता. तिथे होता चरखा, पिंजण, घाणी, गावातल्या कारागिरांची अवजारं. चुलीपुढच्या बाईचा विचारही मगनवाडीत झाला. धूर घरात न कोंडता धुराड्याने बाहेर जावा म्हणून मगन चूल तयार झाली. रॉकेलऐवजी वनस्पतीच्या तेलावर जळणारा मगन दिवा निघाला. पायाने चालवायचा मगन चरखा निघाला. म्हणजे जुनी वस्तू नुसती मांडायची नाही, तिच्यात सुधारणा काय करता येईल तेही बघायचं. संग्रहालयात आपलं काही असू शकतं, हे वर्ध्याने त्या काळात दाखवून दिलं.

पुण्यात साधारण त्याच काळात एक माणूस वेगळ्या वाटेने हेच करत होता. दिनकर केळकर त्यांचं नाव. 'अज्ञातवासी' या टोपणनावाने ते कविता लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू गोळा करायचा छंद लागला. गावोगाव हिंडायचे, वाड्यांच्या अडगळीतून, बाजारातून, मोडीतून वस्तू उचलायचे. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. त्यांचा एकुलता एक मुलगा राजा सात वर्षांचा असताना गेला. त्या मुलाच्या नावाने त्यांनी संग्रहालय केलं, ते राजा दिनकर केळकर संग्रहालय. १९६० पर्यंत त्यांच्याकडे १५,००० च्या आसपास वस्तू झाल्या होत्या. १९६२ मध्ये त्यांनी हा संग्रह महाराष्ट्र सरकारच्या हवाली केला. आज तिथे २०,००० च्या वर वस्तू आहेत.

या संग्रहात काय आहे ऐका. अडकित्ते, कुंकवाचे करंडे, फण्या, पाय घासायच्या वज्री, दिवे, समया, झाऱ्या, स्वयंपाकाची भांडी, कोरीव दारं. म्हणजे बहुतेक बाईच्या हातातल्या वस्तू. शंभर-दोनशे वर्षांपूर्वी कोणीतरी बाई रोज सकाळी ती वज्री घेऊन अंघोळीला बसायची. तिला काय माहीत, ही एक दिवस काचेच्या कपाटात जाईल!

आता अलीकडचं. कोल्हापूरजवळ कणेरी मठ आहे. तिथे मठाने सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय उभं केलं आहे. सात एकरांत माणसाच्या आकाराचे तीनशेवर पुतळे. कुंभार चाकावर, लोहार भात्याजवळ, सुतार, चांभार, न्हावी. बाई दळते आहे, पाणी शेंदते आहे, शेतात भाकरी घेऊन निघाली आहे. तिथे सुट्टीच्या दिवशी गर्दी असते ती गावच्या माणसांचीच. आजी नातवाला हाताला धरून सांगते, "हे बघ, आम्ही असं करायचो." इथे फलक वाचायला कोणी थांबत नाही, कारण फलकाहून जास्त आजीला माहीत असतं.

मला वाटतं, गर्दीचं एक कारण इथेच आहे. अजब बंगल्यात आजी गप्प असायची आणि शिकलेला माणूस सांगायचा. इथे शिकलेला नातू गप्प असतो आणि आजी सांगते.

दुसरं कारण साधं आहे. वस्तू डोळ्यांपुढून गेली की तिची ओढ लागते. गावात पिठाची गिरणी आली आणि जातं बसलं. नळ आला, गुंड-घागर बसली. मिक्सर आला, पाटा-वरवंटा सणापुरता उरला. हे वाईट झालं असं मी म्हणणार नाही. पहाटे चारला उठून दळणारी बाई गिरणीला दुवाच देत होती. पण आयुष्य बदललं की मागचं बघावंसं वाटतं. जगभर असंच झालं. स्वीडन नावाच्या थंड देशात कारखाने आले, खेडी रिकामी होऊ लागली, तेव्हा आर्तुर हाझेलियुस नावाच्या माणसाने शेतकऱ्यांची लाकडी घरं उचलून आणून स्टॉकहोम शहरात मांडली. १८९१ मध्ये त्याने ते उघडलं. नाव स्कान्सेन. आजही तिथे वर्षाला दहा लाखांहून जास्त लोक जातात.

म्हणजे गर्दी वाढते आहे ही चांगली गोष्ट. पण गर्दीत उभं राहून आपण काय विचारायचं, हेही ठरवायला हवं. मी तीन प्रश्न सांगते.

पहिला प्रश्न, ही वस्तू कोणाची? बहुतेक संग्रहालयांत फलकावर वस्तूचं नाव असतं, धातू असतो, अंदाजे शतक असतं. पण ती वापरणाऱ्या बाईचं नाव क्वचितच सापडतं. तलवारीखाली सरदाराचं नाव असतं. करंड्याखाली कुंकू लावणारीचं नाव नसतं. तिचं नाव त्या वेळी कोणी विचारलंच नाही.

दुसरा प्रश्न, या देखाव्यात कोण दिसत नाही? जुनं गाव मांडताना ते नेहमी नीटनेटकं दिसतं. विहिरीवर बाया पाणी भरताहेत, सगळ्या हसताहेत. पण त्या विहिरीवर गावातल्या सगळ्या बायांना येता येत होतं का? महाडच्या तळ्याचं पाणी पिण्यासाठी १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. आपल्या वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर १९२८ मध्ये दलितांना खुलं झालं. खुलं झालं याचा अर्थ त्याआधी ते बंद होतं. जुन्या गावाचं कौतुक करताना ही बंद दारंही आठवली पाहिजेत. नाहीतर आजीची अर्धी गोष्टच नातवाला कळेल. आणि काही आज्यांची तर अजिबात कळणार नाही.

तिसरा प्रश्न, आवाज कुठे आहे? जातं काचेमागे ठेवता येतं. पण जात्यावर बसल्याशिवाय ओवी सुचत नाही. सासरचा जाच, भावाची वाट, लेकीची काळजी, विठ्ठलाची ओढ हे सगळं बायांनी जात्याला सांगितलं. जातं थांबलं तशी ओवीही थांबली. हे ओळखून हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांत फिरून बायांच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. आता त्या 'पारी', म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, या ठिकाणी जपल्या आहेत आणि मोबाईलवर ऐकता-वाचता येतात. महत्त्वाचं असं की तिथे ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गावही लिहिलेलं असतं. हिस्लॉप यांच्या काळात जे राहून गेलं, ते इथे झालं.

आता तुमच्या मांडणीकडे येते.

माझ्या आईच्या आंदणात एक पितळी गुंड आला होता. त्याच्या गळ्यावर ठिपक्याठिपक्यांनी अक्षरं कोरलेली होती. आम्ही पोरी पाणी भरताना त्यावरून बोट फिरवायचो, पण नीट वाचायचं कधी सुचलं नाही. एका वर्षी मृग कोरडा गेला, दुबार पेरणीची वेळ आली आणि बियाण्यासाठी तो गुंड मोडीत गेला. आईने चूक केली असं मी म्हणत नाही. लेकरांच्या पोटापुढे गुंड काय! पण ती गेल्यावर एकदा मामाने सहज विचारलं, "त्या गुंडावर आमच्या आजीचं नाव होतं ना?" आम्ही बहिणी एकमेकींकडे बघत राहिलो. पणजीचं नाव आम्हा कोणालाच माहीत नव्हतं. घरात, गावात, कोणत्याही कागदावर ते नाव दुसरीकडे नाही. सातबारावर तिचं नाव नव्हतं. शाळेत ती गेली नव्हती. ते एकाच जागी लिहिलेलं होतं, आणि ते आम्ही वजनावर विकलं.

म्हणून सांगते, भांड्यावर टाकलेलं नाव म्हणजे लेखी पुरावा आहे. अजब बंगल्यात ताम्रपट ठेवतात. राजाने कोणाला कोणतं गाव दिलं, ते तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं असतं. आपल्या गंजावर, कोपरावर, परातीवर काय असतं? कोणी दिलं, कोणाला दिलं, कोणतं गाव, कोणती तारीख. धातू तोच, कोरणंही तसंच. फक्त तो राजाचा आहे म्हणून जपला आणि हा आपला आहे म्हणून आपण चिंचेने घासून घासून पुसून टाकला.

आता पुढच्या कार्यक्रमांचं बोलू. दरवर्षी १८ मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन असतो. १९७७ पासून जगभर पाळतात. अनेक संग्रहालयं त्या दिवशी खास कार्यक्रम ठेवतात. ३० डिसेंबर हा आपल्या मगन संग्रहालयाचा वाढदिवस. गटाची सहल ठरवताना या तारखा डोळ्यांपुढे ठेवा. आधी फोन करून वेळ विचारा, आणि सोबत गावातल्या दोन तरी म्हाताऱ्या बाया न्या. त्यांच्या भाड्याचे पैसे गटाने काढावेत. त्या नसतील तर सहल अर्धीच होईल.

पण मला जास्त हवा आहे तो कार्यक्रम आपल्याच गावात. त्याला इमारत लागत नाही. आपल्या जिल्ह्यात सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तुम्ही बघितला असेल. पिढ्यान्‌पिढ्या जपलेले मोठमोठे लाकडी बैल त्या दिवशी घराबाहेर निघतात, सजतात, आणि बघायला कुठून कुठून माणसं लोटतात. दिवस संपला की बैल आपापल्या घरी परत. कोणी घर सांगतं, हा आमच्या पणजोबांनी करून घेतला. याहून चांगलं संग्रहालय कोणतं? एका दिवसाचं, लोकांनी मांडलेलं, आणि वस्तू मालकाच्याच घरी राहणारं.

तसंच आपण करू. पीक घरात आलं, उलंगवाडी झाली की एक दुपार ठरवा. समाजमंदिरात किंवा शाळेच्या व्हरांड्यात. गावातल्या सगळ्या मोहल्ल्यांतल्या बायांना बोलवा, एकही घर सोडू नका. प्रत्येकीने घरातली एकच जुनी वस्तू आणायची. सूप चालेल, पायली चालेल, पेरणीचा सरता चालेल, दवाखान्याच्या पहिल्या चिठ्ठीचा कागदही चालेल. सोन्याचं काही आणू नका, उगाच जोखीम नको.

प्रत्येक वस्तूजवळ शिकलेल्या पोरीने एक चिठ्ठी लिहायची. वस्तूचं आपल्या बोलीतलं नाव. ती कोणाची होती, त्या बाईचं माहेरचं आणि सासरचं नाव. कुठून आली, कोणी दिली, किती वर्षांची. तिच्यावर काय काम व्हायचं, रोज किती वेळ जायचा. मोडली तर कोण दुरुस्त करायचं. जात्याला टाकी लावायला कोण यायचं, तेही लिहा. आणि वापर कधी बंद झाला, का झाला. भांड्यावर अक्षरं असतील तर ती जशीच्या तशी उतरवा. वाचता येत नसेल तर त्यावर थोडं पीठ चोळा, खाचेत पीठ बसलं की अक्षर उठून दिसतं. मग फोटो काढा. घासू नका.

म्हातारी बोलायला लागली की मोबाईलवर आवाज भरून घ्या, पण आधी तिला विचारून. तिला एखादी गोष्ट सांगायची नसेल तर तिचा मान राखा. बंद केल्यावर तिचंच बोलणं तिला एकदा ऐकवा. बायका आपला आवाज ऐकून लाजतात, मग हसतात, आणि मग खरं सांगायला लागतात.

चिठ्ठ्या एका वहीत चिकटवा. गटाच्या हिशेबाच्या वहीशेजारी ही वहीही राहू द्या. कर्ज कोणी फेडलं ते एकीत, आणि आपण कोण होतो ते दुसरीत.

वस्तू विकूच नका असं मी सांगणार नाही. अडीनडीला भांडं मोडावंच लागतं. फक्त मोडीवाल्याच्या काट्यावर ठेवण्याआधी त्यावरचं नाव लिहून घ्या. त्याला दोन मिनिटं लागतात. आमच्या घरी तेवढी दोन मिनिटं कोणी काढली असती, तर आज या बोलण्यात माझ्या पणजीचं नाव तुम्ही ऐकलं असतं.

आज संध्याकाळी दिवा लावून झाला की मांडणीवरचं सगळ्यांत जुनं भांडं खाली काढा, उजेडात धरा आणि त्याच्या गळ्यावर बोट फिरवून बघा. काही लागलं तर लेकीला हाक मारा.